शेजारशेजारच्या दोन कळा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. काल फोटो पुसताना मोबाइलने ‘नक्की?’ विचारलं आणि अंबरनाथ पूर्वेतली माझ्या मित्राची, सुनीलची, पत्र्याखाली तापलेली खोली आठवली. आमचा कॉम्प्युटर गेम मी लिहिला होता, त्यातले किल्ले सुनीलने वर्षभर खपून रचले होते. एका कळेने काम सेव्ह व्हायचं, शेजारच्या कळेने सगळं पुसलं जायचं. पडद्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

“अरे, पुसण्याआधी गेमला एकदा ‘नक्की?’ विचारू दे ना!” सुनील म्हणायचा.

“मेनू शेवटी करू. आपल्यालाच तर खेळायचंय,” मी म्हणायचो.

मला कळा पाठ होत्या आणि माझा जीव तोफगोळ्यांच्या उडण्यात अडकलेला. त्याचं बोट चुकीच्या कळेवर घुटमळताना मी कितीदा पाहिलं होतं.

एका दुपारी ती कळ दाबली गेली. किल्ले गेले, आवाजही झाला नाही.

“माझंच चुकलं यार,” तो म्हणाला. सुनीलने पुन्हा कधी काही रचलं नाही.

चूक माझी होती, हे त्याला सांगणं अजून बाकी आहे.