टाचेखालचा बॉल

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सुनंदाला, माझ्या बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून एरवी काही लपत नाही. तुम्हाला सांगतो. मनात धरू नका. किंवा धरा, तुमची मर्जी.

मी कॅडी होतो. गोल्फ खेळणाऱ्याची बॅग वाहायची, बॉल कुठे पडला ते बघायचं, कुठल्या नंबरची काठी घ्यावी ते सांगायचं. आम्ही बुवापाड्यातले. काम शिकलो अंबरनाथलाच, एका कारखान्याच्या साहेबलोकांच्या छोट्या मैदानावर. तिथे आणखी एक विद्या शिकलो. गवतात पडलेल्या बॉलवर चालता चालता टाच ठेवायची आणि अंगाचा भार टाकायचा. बॉल मातीत बसतो, वर गवत मिटतं. साहेब शोधून दमतो, आपण संध्याकाळी येऊन उकरायचा. मुंबईच्या मोठ्या मैदानावर गेलो तेव्हा ती विद्या सोडून दिली होती. खरंच सोडली होती.

तिथे बर्नार भेटला. फ्रान्सचा, गोल्फवरच पोट असलेला. तरुणपणी दोन स्पर्धा जिंकला, मग गुडघा गेला, नंबर घसरत गेला, आणि नव्वद सालानंतर कधीतरी आमच्या बाजूच्या स्पर्धांत नशीब काढायला आला. माणूस भला वाटला. एका रविवारी चक्क आमच्या घरी आला. दुखऱ्या गुडघ्याची कशीबशी मांडी घालून सुनंदाच्या हातची सुकट-भाकरी खाल्ली. नाकाडोळ्यांतून पाणी, पण ताट चाटूनपुसून साफ. अख्खा पाडा दारात जमलेला. त्या दिवशी मी केवढा मोठा झालो होतो, काय सांगू?

आणि आठवड्यात त्यानेच मला चारचौघांत खाली पाडलं. शेवटच्या होलला मी म्हणालो, सहा नंबर घ्या. त्याने सात काढली, तिचा फटका आखूड पडतो. बॉल तळ्यात. नंतर सगळ्या कॅडींसमोर माझ्याकडे बोट करून म्हणाला, "ही गिव्ह राँग क्लब." सात नंबर मी दिली म्हणे! कॅडीमास्तरने मला विचारलंसुद्धा नाही. "प्रल्हाद, तेरा नाम कट. वर्षभर इकडे दिसू नको."

वर्षभर मी उल्हासनगरला, कॅम्प तीनमध्ये, जीन्सचे धागे कापले. सिंधी शेठ मस्करीत हाक मारायचा, "ओ गोल्फवाले साईं, ये जेब का धागा कौन काटेगा?" सगळे हसायचे. मीही हसायचो. पण डूख धरून होतो — कात्री चालायची आणि मला ते बोट दिसायचं.

वर्षाने बर्नार परत आला आणि म्हणाला, मला प्रल्हादच पाहिजे. माफी? नाव नाही. पाठीवर थाप मारली, संपलं. स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी सकाळी त्यानेच सांगितलं — आज पहिल्या दहांत आलो तर पुढचं वर्ष खेळायला मिळेल, नाहीतर गावी जाऊन सासऱ्याच्या टायरच्या दुकानात बसायचं. हे मला कशाला सांगितलंस रे बाबा?

चौदाव्या होलला त्याचा बॉल उजवीकडच्या उंच गवतात गेला. तो मागे लंगडत येत होता, मी पुढे. बॉल मला दिसला. निळ्या शाईचे दोन ठिपके, त्याचीच खूण. सहज मारता येईल असा पडला होता. चुकून पाय पडला म्हणू का? नाही. मी टाच ठेवली. भार टाकला. आणि बरं वाटलं — इतकं बरं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं.

पाच मिनिटांत सापडला नाही तर बॉल हरवला असं धरतात. मागे जाऊन पुन्हा मारायचा, वर एका फटक्याचा दंड. ती पाच मिनिटं मीही गुडघ्यांवर बसून गवत चाळत होतो. तो अकरावा आला. एका फटक्याने गेला.

कॅडीमास्तरला वास आला होता. सगळ्यांसमोर म्हणाला, "प्रल्हाद, बॉल किधर गया?" मी काही बोलायच्या आत बर्नार मध्ये आला. त्याच्या तोंडी प्रल्हादचं प्राला व्हायचं. "नो, नो. प्राला बेस्ट आईज. ही नॉट सी, बॉल नॉट देअर." वर्षापूर्वी बोट दाखवलं होतं त्याच जागी उभा राहून म्हणाला. तेव्हा तरी तोंड उघडायचं होतं ना? मी काय केलं? मनात म्हटलं, झाली फिट्टंफाट. संध्याकाळी जाऊन बॉल उकरून आणला.

दोन वर्षांनी एक फोटो आला. टायरच्या ढिगापुढे बर्नार, पोट सुटलेलं. फोटोच्या पाठीवर इंग्रजीत चार शब्द — प्राला, ये, जेवायला ये. मी फोटो बघून हसलो. हेही सांगून टाकतो.

आता आम्ही बदलापूरला राहतो. रविवारी विहारात पंचशील म्हणतात. ‘खोटं बोलणार नाही’ हे शील आलं की मी नुसते ओठ हलवतो. बॉल शोकेसमध्ये आहे. त्याच्या खळग्यांतली माती सुनंदा धुवायला निघते, मी धुवू देत नाही.

पाहुणे आले की ती तो काढून दाखवते. "फ्रान्सच्या साहेबांनी यांना आठवण म्हणून दिलाय. फार जीव होता यांच्यावर. आपल्याकडे सुकट खाऊन गेलेत ते." पाहुणे माझ्याकडे बघतात.

मी हो म्हणतो.