कुलूपवाल्यांच्या पेशी

तीस वर्षं कुलपं दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या हातात आपल्याच दुकानाची किल्ली फिरेना, तेव्हा त्याने दोष कुलपालाच दिला. तेल घातलं, किल्ली घासली. शेवटी बायकोने ते एका झटक्यात उघडलं.

"कुलूप ठणठणीत आहे. हात दाखवा बघू."

अंगठ्याच्या मुळाशी मांस झडून खळगा पडला होता. तपासण्या झाल्या. स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी मरत चालल्यात, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आजाराचा वेग थोडा कमी करणाऱ्या गोळ्या होत्या. बरं करणारं औषध नव्हतं. पुढच्या खेपेला बाईंनी कुलूपवाल्यांना विचारलं, "संशोधनासाठी कातडीचा मसुराएवढा तुकडा द्याल?"

"घ्या की. गेंड्याची आहे, हिला विचारा."

दुकान बायकोने हातात घेतलं. ते स्टुलावर बसून सांगायचे, ती कानस चालवायची, आणि दोघं दिवसभर भांडायची.

वर्षाने प्रयोगशाळेतून बोलावणं आलं. बायकोच्या खांद्यावर हात टेकत ते पोचले. तिथल्या तंत्रज्ञ मुलीने सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. "काका, या तुमच्या चेतापेशी. त्या कातडीपासूनच घडवल्यात."

केसाहून बारीक धागे एकमेकांत गुंतले होते. कुलूपवाले बराच वेळ बघत राहिले.

"मरतात कशाने?"

"एक कामाचं प्रथिन आपली जागा सोडून भलतीकडे साचतं, त्याच्या गुठळ्या होतात. पेशीची साफसफाई थकते, लांबलचक धागा वाळतो, स्नायूशी जोड तुटतो."

"पण गुठळ्यांनी पेशी मरते, की मरायला टेकली म्हणून गुठळ्या होतात?"

मुलगी हसली. "यावरूनच आमचं इथल्या साहेबांशी रोज वाजतं. खरं सांगू? अजून नक्की माहीत नाही."

मग तिने भिंगाखाली पेशींची दुसरी काचेची बशी ठेवली. याही त्यांच्याच पेशी, पण नवं औषध घातलेल्या. इथे जिवंत धागे दाट होते.

"मला मिळेल हे?"

"इतक्यात नाही, काका. बशीपासून माणसापर्यंत लांबचा पल्ला आहे."

ती खोटं बोलली नाही, म्हणूनच त्यांना बरं वाटलं.

आता दर सोमवारी ते बायकोकडून त्या मुलीला फोन लावून घेतात. बायको फोन त्यांच्या कानाशी धरते. "आमच्या बशीतल्या पोरी कशा आहेत?" जड जिभेने ते विचारतात.

परवा ती मुलगी म्हणाली, औषधाचा तोच गुण आणखी तिघा रुग्णांच्या पेशींवर दिसला. कुलूपवाल्यांनी तिला ते दोनदा सांगायला लावलं. दुसऱ्यांदा फोन बायकोच्या कानाला होता.