हक्काची नम्र विनंती

सुजातावहिनींचा फोन आला तेव्हा मी लातूरच्या कोर्टात, बाररूममध्ये चहा घेत होतो. "भाऊजी, हे गेले," एवढंच त्या बोलल्या. कॉलेजच्या मैदानावर सराव घेता घेता मिलिंद खाली बसला, तो उठलाच नाही. पंचेचाळिशीही गाठली नव्हती... पाच आठवडे झाले. त्याच्यावर लिहा, असं पुरवणीच्या संपादकांनी सांगितलं तेव्हा हो म्हणून बसलो; पण हात पुढं सरत नाही, कारण जे लिहायचं आहे ते त्याच्याइतकंच माझ्याबद्दल आहे.

तो अर्धापूरचा, मी नांदेडचा. तो रोज बसनं नांदेडच्या शाळेत यायचा, तिथं आम्ही एका बाकावर. त्याचे वडील केळीच्या बागांत मजुरीला जायचे, माझे मास्तर. फुटबॉलमध्ये मिलिंद बचावफळीत असा आडवा यायचा की समोरचा चेंडू सोडून आधी स्वतःचे पाय शोधायचा. मी राखीव खेळाडूंतही राखीव. म्हणूनच वकील झालो, असं तो गावभर सांगायचा. पुढं तो बाहेरच्या राज्यातल्या एका व्यावसायिक क्लबात गेला, कर्णधार झाला आणि आपल्याकडची पाच पोरं त्यानं तिथं नेली. त्यात सगळ्यात धाकटा देगलूरचा समीर, एकोणीस वर्षांचा. "ह्याला फक्त खेळू द्या, बाकी काय बी करू नका," मिलिंद कौतुकानं म्हणायचा.

मग क्लबानं खेळाडूंची खोटी कागदपत्रं दाखवल्याचं उघडकीला आलं आणि क्लबावर दोन हंगामांची बंदी आली. या सहा जणांचा त्यात काडीचा दोष नव्हता. त्यांच्या करारात एक कलम होतं : क्लब स्पर्धेतून बाद झाला, तर खेळाडूनं पंधरा दिवसांत तसं लेखी कळवायचं आणि मोकळं व्हायचं. परवानगी लागत नव्हती. कळवलं नाही, तर दोन वर्षं तिथंच बांधलेलं राहायचं. पगार मिळणार, सामना नाही.

मिलिंद करार घेऊन लातूरला आला. माझी वकिली नवी होती. मी आपलं सरकारदरबारी देतात तसं निवेदन लिहिलं : 'आम्ही खालील सह्या करणारे...' आणि शेवटी, 'करारातून मुक्त करावे, ही नम्र विनंती.' मिलिंदनं दोनदा वाचलं.

"विनंती कशाला रे? हक्क हाय ना आपला?"

"अरे, गोडीनं लिहिलं की काम होतं."

"तुमच्या घरात हक्काचं बी हात जोडूनच मागतात का?" म्हणाला, हसला आणि त्यानं सही केली. माझ्यावर भरवसा होता म्हणून केली. बाकीच्यांनीही केल्या. क्लबात कागद देऊन शिक्क्यानिशी पोच घेतली आणि आम्ही निर्धास्त झालो.

पंधरा दिवसांची मुदत सरेपर्यंत क्लबानं ब्र काढला नाही. सोळाव्या दिवशी उत्तर आलं : विनंतीचा विचार केला, ती नामंजूर करण्यात येत आहे. आम्ही दाद मागितली. ही विनंती आहे, करार संपवल्याची सूचना नव्हे, आणि मुदत तर गेली, असा निकाल लागला. कायदा शिकलेल्या मला जे कळलं नाही, ते मिलिंदला पहिल्याच वाचनात खटकलं होतं.

निकालाच्या दिवशी तो माझ्या ऑफिसात होता. समीरचा फोन आला. "दादा, असं कुणी लिवायला लावलं?" मिलिंदनं माझ्याकडं पाहिलं. "मीच," तो म्हणाला. "मीच वकिलाला म्हणलो, नमतं घ्या." मी हातभर अंतरावर बसलो होतो. नाव खराब होईल या भीतीनं तोंड उघडलं नाही. फोन ठेवून मिलिंद म्हणाला, "पोरं माझ्यावर दोन दिवस चिडतील. तुझ्याकडं मात्र परत कुणी यायचं न्हाई." त्यानंतर हा विषय त्यानं कधी काढला नाही. मीही नाही. लाज वाटते लिहायला, पण हळूहळू मला त्याची सवय झाली.

मिलिंदचा खेळ तिथंच संपला. समीरलाही दोन वर्षांनंतर कुणी विचारलं नाही. आता देगलूरला मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. मिलिंद दोनदा त्याला भेटायला गेला, दोन्ही वेळा समीरनं पाठ फिरवली. स्वतःचा खेळ गेल्याचं मिलिंदला इतकं लागलं नव्हतं. नांदेडला कॉलेजात शिकवू लागल्यावर खेळाडू करार घेऊन त्याच्या घरी यायचे. तो त्यांना प्रत्येक कलम मोठ्यानं वाचायला लावायचा आणि विचारायचा, "ह्यात मागायचं काय हाय अन् नुसतं सांगायचं काय हाय?"

गेल्या आठवड्यात नांदेडला त्याच्या घरी गेलो, तर बाहेरच्या खोलीत समीर बसलेला. मिलिंद गेल्यावर पहिल्यांदाच आला होता. "लई राग धरला मी दादावर," म्हणाला आणि रडू लागला. "दारात आला तरी बोललो न्हाई..." मला पुढं ऐकवेना.

"समीर, ते पत्र माझं होतं. मिलिंदनं मला हटकलं होतं. मी ऐकलं नाही."

वहिनी चहाचे कप हातात घेऊन दारातच थांबल्या. समीरनं डोळे पुसले.

"आता सांगून राहिलात, वकीलसाब?"

मग तो उठला, खिडकीशी मिलिंदची रिकामी खुर्ची होती तिथं गेला आणि तिच्या पायाशी, फरशीवर बसला.