कात्रीमामांचे हात

कात्रीमामांच्या सलूनमध्ये कात्री थांबली तरी तोंडाचा पट्टा थांबत नसे. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं, की त्याच्या सासुरवाडीपासून सरकारपर्यंत सगळ्यांची हजामत व्हायची. एवढा बडबड्या माणूस, पण एका गोष्टीबाबत त्यांनी वर्षभर कुणाला ताकास तूर लागू दिली नव्हती.

सकाळी उठलं की त्यांची बोटं वळायचीच नाहीत. सांधे सुजलेले, शर्टाचं बटण लागेना, दात घासायचा ब्रश धरवेना. बायको पातेल्यात कोमट पाणी आणून द्यायची आणि मामा त्यात हात बुडवून बसून राहायचे. उन्हं चढली की हात जरा मोकळे होत. दुकानाचं शटर बायकोच वर करायची. मामा मागून मोठ्याने ओरडायचे, "हळू गं, कंबर सांभाळ!" शेजाऱ्यांना वाटावं, तिलाच हौस आहे.

वस्तरा मात्र जमेना. मग मामांनी जाहीरच करून टाकलं, सध्या दाढी राखायची फॅशन आहे. "तुमच्या चेहऱ्याला तर काय शोभेल!" म्हणत एकेकाला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. बघता बघता निम्मी गल्ली दाढी वाढवून हिंडू लागली. पोस्टमन तर ओळखू येईना. पण करता काय? हात दुखतो म्हणणाऱ्याच्या वस्तऱ्याखाली मान कोण देणार? बायकोने डॉक्टरचं नाव काढलं की मामा म्हणत, "सांध्याचं ते दुखणं बायकांचं असतं." वर कुणाला सांगायचं नाही म्हणून तिच्याकडून शपथ घेतलेली. माणूस भला, पण हट्टी.

एका सकाळी दारात नर्सबाई आल्या. देशभर सांधेदुखीची पाहणी चालली होती. कुणाला होते, कोणत्या वयात होते, घरात आधी कुणाला होती का, असं घरोघर विचारलं जात होतं. मामा तेव्हा न्हाणीघरात, हात पातेल्यात. त्यांनी पायाने दार लोटलं आणि कान टवकारले.

"हा आजार बायकांमध्ये दुप्पट-तिप्पट दिसतो," नर्सबाई म्हणाल्या. "काकू, तुम्हाला काही त्रास?"

"आहे ना."

मामा चमकले. हिला कधी झालं?

"सकाळी बोटं वळत नाहीत. बटण लागत नाही. कोमट पाण्यात हात धरले की बरं वाटतं. आईंनाही होतं."

"रात्री झोप लागते?"

"नाही लागत. या बोटांचं पुढे काय होणार, तेच डोक्यात."

मग मामांना उमगलं. शपथ न मोडता ही बाई त्यांचं दुखणं स्वतःच्या अंगावर घेऊन सांगत होती, औषध तरी कळेल म्हणून.

"मूठ वळा बघू." बायकोने वळली. नर्सबाईंनी तिचे सांधे दाबून पाहिले आणि त्या गोंधळल्या. "काकू, हात तर ठणठणीत आहेत तुमचे! लवकर औषध सुरू झालं तर बोटं वाकडी होण्यापासून वाचतात, पण दुखणं ज्याचं त्यालाच तपासणीला पाठवता येतं ना. घरात दुसऱ्या कुणाला आहे का?"

शपथेपुढे बायकोचं काही चालेना. नर्सबाईंच्या बॅगेची चेन लागल्याचा आवाज आला.

मामा ओल्या हातांनी तसेच बाहेर आले. "थांबा. हिला काही नाही. ते सगळं माझं आहे." त्यांनी हात पुढे केले. सुजलेले, मूठ अर्ध्यावरच अडकलेली. लाज वाटेल असं वाटलं होतं, पण उलट हलकं वाटलं.

"पुरुषांनाही होतो हो, काका. पण सांगतंय कोण?" नर्सबाई परत खाली टेकल्या. "मग मगाची उत्तरं सगळी तुमची? सकाळी बोटं वळत नाहीत?"

"माझं."

"आईंना होतं?"

"माझ्याच आईला."

"रात्री झोप लागत नाही?"

मामा 'माझं' म्हणायला गेले आणि अडखळले. ते तर उशीला डोकं टेकलं की घोरायला लागत. त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती मान खाली घालून टॉवेलने त्यांचं एकेक बोट टिपत होती.

"नाही," मामा म्हणाले. "ते हिचं."