येते म्हणजे गेली

आमच्या आत्यांइतकं भिणारं माणूस अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात दुसरं नसेल. आत्या म्हणजे माझी चुलत सासू. बेंबळीत माझ्या खोलीला लागूनच त्यांची खोली. कुकर शेगडीवर ठेवला की शिट्टीच्या आधीच त्या अंगणात जाऊन उभ्या राहायच्या. मोबाईल वाजला की आधी डोक्यावर पदर घ्यायच्या, मग उचलायच्या. तुळजापूरला जाताना एसटीत ड्रायव्हरच्या मागंच बसून म्हणायच्या, "सावकाश बाबा, आमाला काय घाई न्हाय." एकदा तो वैतागून म्हणाला, "आजी, गाडी अजून स्टँडातच हाय!"

भित्री मीही आहे, पण माझं भिणं आतल्या आत. आमचे हे ट्रकवर, आठ-आठ दिवस बाहेर. मी सकाळी शाळेत मुलांची खिचडी शिजवायला जाते. घरी एकटा भुऱ्या, आमचा कुत्रा. मी कडी लावली की तो असा रडायचा की गल्ली गोळा व्हायची. दार ओरबाडून त्याची नखं रक्ताळायची. खिचडी हलवताना मनात एकच, आज घरी काय बघायला मिळेल. एक दिवस घरमालक दारात आले. "पंधरा दिवस देतो. मग वरडला तर टेम्पोत घालून लांब वाशी तालुक्याच्या पुढं सोडून येईन." त्या दिवशी जेवण गेलं नाही.

आत्या कुत्र्यालाही भ्यायच्या, म्हणून आपल्या खिडकीच्या गजाआडून बोलायच्या. म्हणाल्या, "अगं, त्याला राग न्हाय, भ्या वाटतंय. मला कळतंय त्याचं. तू जाताना काय म्हणतीस?"

"येते म्हणते."

"तिथंच घोळ हाय. तू येते म्हणतीस आन् चार तास गायब. त्याला वाटतं, येते म्हंजी गेली."

"मग जाते म्हणू का?"

आत्यांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. "थू थू! असलं अभद्र बोलू नको घरात! शब्द तोच ठेव. फकस्त त्यो खरा करून दाव."

मग आमची शाळा सुरू झाली. येते म्हणायचं आणि खाली बसायचं. चप्पल घालून भाकरी थापायच्या, पिशवी खांद्याला अडकवून घर झाडायचं. समोरच्या काकू हसून म्हणाल्या, "काय गं, झाडू घेऊन गावाला निघालीस व्हय?" लाजून मी आत पळाले, पण चप्पल काढली नाही. भुऱ्याला त्याचं काही वाटेनासं झालं, की मग कडी लावून बाहेर थांबायचं. आधी एक भाकरी भाजेपर्यंत, मग दोन, मग पाच. भाकऱ्या आत्या त्यांच्या चुलीवर भाजायच्या आणि खिडकीतून मोजायच्या. तो रडायला लागला की मी कडीला हात घालायची. लगेच खिडकीतून आत्यांचा ओरडा, "आता नको! गप बसू दे. न्हायतर वरडलं की बाई येती, हेच शिकंल. उद्या एक भाकरी कमी कर." त्या पंधरा दिवसांत आमच्या दोन्ही घरांत शिळ्या भाकरीचा चुराच खाल्ला सगळ्यांनी. मी शाळेत असताना आत्या खिडकीशी बसून लसूण सोलत त्याच्याशी बोलत राहायच्या.

पंधराव्या दिवशी मी शाळेतून पळतच आले. घरमालक दाराला कान लावून उभे होते. आत सामसूम. "कुत्रं मेलं का काय?" ते म्हणाले. गजाआडून आत्या बोलल्या, "झोपलंय. तुमीच हळू बोला."

यंदा आत्यांचा मुलगा त्यांना कायमचं पुण्याला घेऊन गेला. निघताना त्या पहिल्यांदाच माझ्या उंबऱ्याच्या आत आल्या. लांबूनच बोट पुढं करून त्याच्या कपाळाला लावलं आणि म्हणाल्या, "येते रे भुऱ्या." त्यानं एक कान हलवला आणि पुन्हा पायांवर हनुवटी ठेवून झोपला. त्याला तो शब्द खरा वाटला. मी गाडी वळेपर्यंत दारात उभी होते.

तो आता रडत नाही. मी येते म्हणून निघते, तो झोपून राहतो. फक्त पुण्याहून फोन वाजला की उचलायच्या आधी मी डोक्यावर पदर घेते.