दुल्सेलिनाच्या छपरावर फिर्मिनोचं घर

उखळात मका अर्धाच कांडून झाला होता, कोंडा पाखडायचा तसाच होता, घेवडा भिजत पडला होता, आणि दारात दुल्सेलिना येऊन उभी राहिली. खालच्या गावाहून सकाळच्या ट्रकने आली होती. पापण्यांवरसुद्धा राख.

"एवढा मका कुणासाठी गं? नाताळ तर अजून लांब आहे."

मी मुसळ खाली ठेवलं. "तुझ्या फिर्मिनो भावोजींकडे आज घरभरणी आहे."

"कुठलं घर? त्यांच्या घराला तर लाव्ह्याने बोटसुद्धा लावलं नाही."

"नवं बांधलंय."

"कुठे?"

मी सूप उचलून कोंडा पाखडायला लागले. तिला तेवढ्यानेच कळलं. रिकाम्या पाटावर बसली आणि डोक्याचा रुमाल सोडून परत बांधत राहिली.

फिर्मिनोवर शब्द खर्च करणं म्हणजे बकरीला लिमलेट चारणं, पण थोडे करते. चर्चमध्ये त्याचा बाक पहिला, प्रसादाच्या रांगेत पहिला तोच. दानाची थाळी फिरायला लागली की मात्र याला अशी काही समाधी लागते की थाळी पुढे जाईपर्यंत डोळे उघडत नाहीत. त्याच्या द्राक्षमळ्याच्या बांधाला पाय होते. दर हंगामात बांधाचे दगड धाकट्या भावाच्या वेलींकडे थोडे चालत जायचे. धाकटा झेफेरिनो, म्हणजे दुल्सेलिनाचा नवरा, देवमाणूस. "असू दे, दादाला हवं असेल," एवढंच म्हणायचा. तो छातीच्या दुखण्याने गेला तेव्हा सगळ्यात मोठ्याने रडला तो फिर्मिनोच, आणि दफनाहून परतताना वाटेतच त्याने विचारलं, "आता ते गाढव कुणाकडे राहणार?"

मग डोंगर फुटला. आमच्या डोंगराचा लाव्हा म्हातारीपेक्षा हळू चालतो, म्हणून माणसं मरत नाहीत, घरं मरतात. वर वस्तीत लाकूड मिळत नाही. त्यामुळे लाव्हा परसात आला की आमच्याकडे आधी दारं-खिडक्या उतरवतात, मग भांडीकुंडी. दार वाचलं की घर परत उभं राहतं. दुल्सेलिनाच्या घराची पाळी आली तेव्हा फिर्मिनो घामाघूम होऊन धावला. तिचं हिरवं दार एकट्याने पाठीवर घेतलं आणि म्हणाला, "दुल्सेलिना, माझ्याकडे सुरक्षित राहील." त्या रात्री मी त्याच्यासाठी एक अख्खी जपमाळ म्हटली. ती वाया गेली असं देवासमोर म्हणवत नाही, पण मला ती परत मिळाली तर दुसऱ्या कुणासाठी तरी वापरेन.

घर छपरासकट लाव्ह्याखाली गेलं, आणि दुल्सेलिना मुलीला, झीताला, घेऊन खाली सरकारी घरात गेली. दगड निवला की येईन, म्हणाली. नव्या दगडावर ना बांध असतो ना खूण, आणि खालच्या कारकुनांना कुठल्या उंचवट्याखाली कुणाची पाण्याची टाकी गाडलेली आहे ते ठाऊक नाही. म्हणून आमचा रिवाज आहे. खाली ज्याचं छप्पर, वरचा दगड त्याचा. पण एखाद्याने तिथे घर बांधून अख्ख्या वस्तीला बोलावलं, आणि सगळ्यांनी त्या घरात मुरलेली वाइन तळापर्यंत प्यायली, तर ती साक्ष झाली. मग तो विषय कुणी काढायचा नाही.

फिर्मिनोला पहिला अर्धा रिवाज ऐकूच येत नव्हता. दुल्सेलिनाच्या छपरावरची, रस्त्यालगतची, डोंगर बघायला येणाऱ्या पाहुण्यांच्या गाड्या थांबतात ती सपाट जागा त्याने हेरली. दगड आतून अजून धगधगत होता. त्यावर राख पसरून, सिमेंट ओतून याने काळ्या दगडाच्या भिंती उभ्या केल्या. वस्तीत थट्टा सुरू झाली, "फिर्मिनोच्या घरात चूल कशाला? अंडं जमिनीवर ठेवा." तो म्हणायचा, "थंडीत ऊब राहते, जळणाऱ्यांनी जळावं." आणि रात्री गुपचूप जुन्या घरी झोपायला जायचा. सुगी झाल्यावर त्याने सगळी वाइन पिंपं भरून तिथे नेऊन ठेवली आणि कुलूप घातलं. कुणी फुकट चाखायला मागेल म्हणून स्वतःसुद्धा चाखली नाही.

दुल्सेलिना उठली. "चल, तुझा मका उचल. घरभरणीला मी पण येते. घरची आहे ना मी."

आम्ही पोचलो तोवर अख्खी वस्ती आत दाटली होती. फादर आशीर्वादाची प्रार्थना म्हणत होते आणि तापलेल्या वाटेवरच्या बकरीसारखा एक पाय उचलत होते, तो टेकून दुसरा उचलत होते. भिंतीशी जमिनीवर ठेवलेल्या मेणबत्तीने मान टाकली होती. माझ्या टाचांना चटका बसत होता, पण आमेन म्हणेपर्यंत कुणी बाहेर पडलं नाही.

दुल्सेलिना उंबऱ्यात थांबली. हिरव्या दाराच्या खालच्या फळीवरून तिने हात फिरवला. "हे ओरखडे झीताचे आहेत. तीन वर्षांची होती, खिळा घेऊन बसली होती."

"म्हणून तर सांभाळून ठेवलं, दुल्सेलिना!" फिर्मिनो पुढे झाला.

"माझ्याच छपरावर?"

"अगं, तुला सरकारने घर दिलंय, नळ दिलाय. इथे राखेत काय करणार तू बाईमाणूस? आणि झीता माझी धर्मकन्या आहे. माझं ते तिचंच नाही का?"

"तुम्ही राहता इथे, भावोजी?"

"राहतो तर!"

"मग बूट काढा."

कुणीतरी मागे खुसकन हसलं. फिर्मिनोने बुटांकडे पाहिलं, मग आमच्याकडे. "सणाच्या दिवशी बूट काढायला मी काय भिकारी आहे? पेले आणा रे! आधी तोमाझिया आजी!"

तोमाझिया वस्तीतली सगळ्यात म्हातारी, पहिला पेला तिचा. दुल्सेलिनाचा हात दारावरच होता. त्या म्हातारीच्या एका घोटात तिचं परत येणं अडकलं होतं, आणि तोमाझियाने उभ्या आयुष्यात वाइनला नाही म्हटलेलं नव्हतं.

आजीने घोट घेतला. तोंडात इकडून तिकडे फिरवला. मग उंबऱ्यापर्यंत चालत गेली आणि बाहेर थुंकली.

"हे कोबीवर ओत, फिर्मिनो."

त्याने दुसरं पिंप फोडलं, तिसरं फोडलं. खालच्या धगीने सगळ्या सुगीची एकसारखी आंब, म्हणजे नुसता शिरका, करून ठेवली होती. माझ्या नवऱ्याने जिभेला लावून पेला खाली ठेवला, आणि तो माणूस औषधाचा काढासुद्धा चाटूनपुसून पितो. शेवटी फिर्मिनोने स्वतः अख्खा पेला घशात ओतला. डोळ्यांतून पाण्याच्या धारा. "बघा! तळापर्यंत!"

"स्वतःच्या घराची साक्ष स्वतःच देतोस का रे?" आजी म्हणाली.

"फादर, तुम्ही तरी घ्या! वाइन तर तुमच्या रोजच्या सवयीची."

फादर तोवर समोर आजीच्या अंगणातल्या जुन्या मातीवर जाऊन पाय निववत होते. "मी वाइन पवित्र करतो, फिर्मिनो. आपल्या प्रभूला क्रुसावर आंब पाजली ती खिळे ठोकणाऱ्यांनीच, ते आठव."

आजीने काठी आपटली. "खाली छप्पर कुणाचं?"

"झेफेरिनोचं," दोघंतिघं पुटपुटले. इतके दिवस हीच तोंडं शिवलेली होती. आता त्यांना न संपवलेल्या पेल्याने धीर दिला.

"मग वरचा दगड दुल्सेलिनाचा. संपलं."

दुल्सेलिना रडली नाही. दाराला टेकून खाली बसायला गेली आणि चटका बसून उठली, तेव्हा मात्र ती हसली. मक्याचं पातेलं आम्ही आजीच्या अंगणात नेलं आणि सगळे तिथे जेवलो. फिर्मिनोही जेवला. दोनदा वाढून घेतलं.

भिंती बांधल्याची मजुरी त्याने प्रत्येकाकडे मागून पाहिली.  दुल्सेलिना म्हणाली, "भिंती हव्या असतील तर घेऊन जा, दगड पाठीवर न्यायची तुम्हाला सवय आहे." भिंती राहिल्या. दुसऱ्या दिवशी तो पेचकस घेऊन आला आणि हिरव्या दाराला लावलेल्या आपल्या नव्या बिजागऱ्या काढून घेऊन गेला. दार आता भिंतीला टेकून उभं आहे. दगड निवायला अजून एखादं वर्ष लागेल. तोवर ते दार तिथून कुणी हलवणार नाही. फिर्मिनोसुद्धा नाही, कारण समोर आजीचं अंगण आहे आणि म्हातारीला झोप येत नाही.

काल मिस्साच्या प्रार्थनेहून येताना त्याने मला गाठलं. नाताळचं बकऱ्याचं मटण मुरवायला आंब लागेल ना, म्हणून विचारत होता, आणि भाव सांगताना चेहऱ्यावर चर्चमधली तीच समाधी. उद्या सकाळच्या ट्रकने तो खाली साओ फिलिप शहरात जाणार आहे, रिकाम्या बाटल्या आणायला.