दोघांचं काम

आखातातल्या फिंतासच्या एका बंगल्यात अंथरुणाला खिळलेल्या आजींचं ड्रेसिंग करायला मी नर्स म्हणून जायचे. त्यांना सांभाळणारी बाई आमच्या गुहागरकडची. काही सांगायचं असलं की ती आधी हातातलं काम खाली ठेवायची, मग बोलायची.

एकदा आजींच्या मुलाने फर्मावलं, "आईला उचलून खुर्चीत बसव."

तिने टॉवेल खाली ठेवला. "अकेली नहीं उठाऊंगी, बाबा. मेरी कमर गई तो आप मुझे वापस भेज दोगे. आप पैर पकड़ो."

तो लालबुंद झाला. ती जागची हलली नाही. शेवटी बाह्या सारून त्याने आईचे पाय धरले. माझीच मान ताठ झाली.

हॉस्पिटलात सहा वर्षं मी मुकाट्याने एकटीच पेशंट उचलत आले होते. दुसऱ्या दिवशी वॉर्डात पेशंट उचलायला सांगितल्यावर मी हातातला ट्रे खाली ठेवला.